१९२० : मीटरगेजवरची चित्रकथा

कॉमिक्सच्या जगात १९२० साली काय काय घडलं? लंडनच्या एका वर्तमानपत्रात स्वेटर घातलेलं अस्वल अवतरलं. अमेरिकेत नोकरी करून घर चालवणारी एक तरुणी चित्रमालिकेची नायिका झाली. जपानमध्ये एक मुलगी जन्माला आली आणि मोठेपणी तिने सगळ्या देशाला एका साध्यासुध्या गृहिणीचा लळा लावला. आणि आपल्याकडे, औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर, लोखंडी नांगर ओतणाऱ्या कारखान्यातून एक मासिक निघालं. त्याचा संपादक जातिवंत चित्रकार होता आणि समाजातल्या खुळ्या चालीरीतींवर तो कुंचल्याने नेम धरायचा.

पुणे–मिरज ही जुनी मीटरगेज लाइन डोळ्यांसमोर आणा. सातारा रोड, रहिमतपूर, मसूर, कराड, किर्लोस्करवाडी. मराठी व्यंगचित्र आणि चित्रकथा म्हटलं की आपण मुंबई-पुण्याकडे बघतो. या लाइनीवरच्या छोट्या स्टेशनांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तिथे उतरून पाहिलं तर हाताला काय लागतं, त्याची ही चविष्ट पुडी.

नांगर, पंप आणि टाक

किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंगाचं रान, साप आणि पाण्याची मारामार. आज हा भाग सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतो. पुढे स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं.

दहा वर्षांत कारखाना उभा राहिला आणि १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत पोचावी एवढाच मूळ हेतू. पण संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे महाराष्ट्राचे 'शंवाकि'. कारखान्याच्या जाहिरातींचं कामही तेच बघत. त्यांच्या हातात नांगराच्या माहितीपत्रकाचं मासिक झालं, आणि त्या मासिकाची पुढे विचारांची चळवळ झाली. नावातलं 'खबर' नंतर गळालं, 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. तिन्ही मासिकं एका खेडेवजा वसाहतीतून निघत होती आणि मुंबई-पुण्याचे सुशिक्षित त्यांची वाट बघत होते. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात मला याहून मोठं आश्चर्य दुसरं दिसत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. शंवाकि १८९१ मध्ये सोलापुरात जन्मले. चित्रकला शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि त्यानंतर थेट लाहोरात. लाहोरला का? तिथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा स्टुडिओ होता. वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो तेच हे सातवळेकर. चित्रकलेवर पोट चालवणारे, तैलचित्रांत नाव कमावलेले. सोलापूरचा तरुण लाहोरला जाऊन कोकणातल्या माणसाकडून रंगकाम शिकला आणि ती विद्या कृष्णाकाठच्या कारखान्यात घेऊन आला.

'किर्लोस्कर'च्या पानांतून शंवाकिंची व्यंगचित्रं यायची. अंधश्रद्धा, जातिभेद, बायकांवरची बंधनं, भोंदूगिरी हे त्यांचे विषय. लेखातून जे सांगायला चार पानं लागायची, ते शंवाकि एका चौकटीत सांगत. या चित्रांचा संग्रह 'टाकाच्या फेकी' या नावाने निघाला. मराठीत व्यंगचित्रकलेवर बोलणारे बहुतेक जण मासिकांच्या हास्यचित्रांपासून किंवा 'मार्मिक'पासून सुरुवात करतात. शंवाकिंचा उल्लेख झालाच तर संपादक म्हणून होतो. हे बदलायला हवं. स्वतः संपादक, स्वतःच चित्रकार आणि छापखाना आपल्याच आवारात, अशी स्वतंत्र मोट त्या काळात फार थोड्यांना बांधता आली. चित्र आवडलं नाही म्हणून परत करणारा साहेब त्यांच्या डोक्यावर नव्हता.

तुमच्या घरी, आजोळी, गावच्या वाचनालयात 'किर्लोस्कर'चे जुने बांधीव खंड असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. त्यातल्या लेखांची पुस्तकं कदाचित झाली असतील. मासिकाच्या पानांवरची सगळी चित्रं मात्र अशी सहजी पुन्हा मिळायची नाहीत.

रंग ओळखू न येणारा चित्रकार

या घराण्याची आणखी एक गोष्ट. काका लक्ष्मणराव हेसुद्धा चित्रकार व्हायचं म्हणूनच मुंबईला आले होते. जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. हात चांगला, पण डोळ्यांनी दगा दिला. काही रंगांतला फरक त्यांना दिसत नसे. रंगकाम सोडावं लागलं. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले, तिथून सायकली, तिथून कडबाकुट्टी आणि नांगर. काकांना सोडावा लागलेला कुंचला पुतण्याने हाती घेतला, आणि तोही काकांनी उभारलेल्या वाडीतच. महाराष्ट्राच्या एका मोठ्या उद्योगाच्या मुळाशी अर्धवट राहिलेला चित्रकलेचा अभ्यासक्रम आहे!

तिकडे त्याच वर्षी

लंडन, ८ नोव्हेंबर १९२०. 'डेली एक्सप्रेस'मध्ये रुपर्ट नावाचं अस्वल आलं. चित्रकार मेरी टूर्टेल. तिचा नवरा त्याच वर्तमानपत्रात संपादकीय खात्यात होता. 'डेली मेल'मधला टेडी टेल नावाचा उंदीर लोकांना भलताच आवडत होता, त्याला तोड म्हणून हे अस्वल. रुपर्टच्या चित्रांत पात्रांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे नाहीत. वर चित्र आणि खाली कविता. ही गोष्ट लक्षात ठेवा, औंधला गेल्यावर लागणार आहे. १९३५ मध्ये टूर्टेलबाईंच्या हातून रुपर्ट आल्फ्रेड बेस्टॉलकडे गेला आणि या बेस्टॉलचा जन्म कुठला? १८९२, मंडाले. जिथल्या तुरुंगात बसून टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं, तेच ब्रह्मदेशातलं मंडाले.

अमेरिका, सप्टेंबर १९२०. मार्टिन ब्रॅनरची 'विनी विंकल' ही मालिका सुरू झाली. विनी नोकरी करते आणि तिच्या पगारावर आईबापांचं घर चालतं. मिळवती मुलगी नायिका म्हणून येणाऱ्या पहिल्या चित्रमालिकांपैकी ही एक. किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघालं ते बरोबर दहा वर्षांनी.

जपान, ३० जानेवारी १९२०. माचिको हासेगावाचा जन्म. १९४६ मध्ये, युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये, तिने 'साझाए-सान' सुरू केलं. विस्कटलेल्या केसांची, धांदरट, मनमोकळी साझाए आणि तिचं एकत्र कुटुंब. त्यावरची कार्टून मालिका १९६९ पासून टीव्हीवर चालू आहे. जगात सर्वांत जास्त काळ चाललेली कार्टून मालिका म्हणून तिची नोंद आहे.

योगायोग बघा. माचिको जन्मली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारी १९२० ला, डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक मुंबईत निघाला. त्याच वर्षी कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. बाबुराव मूळचे चित्रकार. चित्रपटातले प्रसंग, वेशभूषा, पात्रांच्या हालचाली ते आधी कागदावर रेखाटत. म्हणजे कॅमेरा फिरायच्या आधी कोल्हापुरात कागदावर एक चित्रकथाच तयार होत होती.

राजा चित्र काढतो

रहिमतपूर स्टेशनला उतरलं की औंधचा रस्ता. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी केला हे बहुतेकांना माहीत असतं. ते उत्तम कीर्तन करत हेही जुन्या मंडळींना आठवतं. पण माणूस मनाने होता चित्रकार. दरबारात चित्रकार बाळगणारे राजे पुष्कळ झाले. स्वतः मांडी ठोकून, संकल्प करून, एका महाकाव्याची चित्रं रंगवणारा राजा विरळा.

१९१६ मध्ये त्यांचं 'चित्ररामायण' छापून प्रसिद्ध झालं. इंग्रजी वाचकांसाठी त्याचं नाव 'द पिक्चर रामायण'. एकेका प्रसंगाचं रंगीत चित्र आणि त्याच्या जोडीला कथेचा मजकूर. पान उलटत गेलं की रामकथा पुढे सरकते. फुगे नाहीत, चौकटींची जाळी नाही. रुपर्टच्या चित्रांतही फुगे नव्हतेच ना? तरीही जग त्याला कॉमिक्सच्या इतिहासात मानाचं पान देतं. मग रुपर्टच्या चार वर्षं आधी आलेल्या 'चित्ररामायणा'लाही मराठी मुलखातल्या छापील चित्रकथेच्या वंशावळीत वरची जागा द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात याच्याही आधी पैठणची आणि पिंगुळीची चित्रकथी परंपरा होतीच. चित्रांची पोथी पुढ्यात घेऊन गोष्ट गायची, ही रीत या मातीला नवी नव्हती. कीर्तनकार राजाने ती छापखान्यात नेली.

बाळासाहेब रामायणावर थांबले नाहीत. १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला त्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला सुचवलं आणि एकूण एक लाख रुपयांच्या मदतीचं वचन दिलं. आवृत्ती सचित्र व्हावी, ही त्यांची हौस. त्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः चित्रं काढली. जगभरचे संस्कृत पंडित ज्या ग्रंथाचे दाखले देतात, त्याच्या मुळाशी साताऱ्याकडच्या एका राजाचा चित्रांचा नाद आहे. काम एवढं अफाट होतं की ते पुरं व्हायला १९६६ उजाडलं. राजेसाहेब त्याआधीच, १९५१ मध्ये, गेले होते.

शंवाकिंचे लाहोरचे गुरू सातवळेकर आठवतात ना? ते पुढे औंधलाच येऊन राहिले. तिथेच त्यांचं स्वाध्याय मंडळ उभं राहिलं. म्हणजे राजा चित्रकार, राजाच्या आश्रयाला आलेला पंडित चित्रकार, त्या पंडिताचा शिष्य राजाच्याच संस्थानातल्या कारखान्यात चित्रकार-संपादक, आणि कारखान्याचा मालक मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. एवढ्याशा संस्थानात ही चौकडी जमली कशी, याचं उत्तर राजाच्या आवडीनिवडीत आहे. ज्याला रेषेची किंमत कळते तो रेषा ओढणाऱ्याला जागा देतो.

यमाईच्या डोंगरावरचं औंधचं श्री भवानी संग्रहालय १९३८ चं. राजा रविवर्मांची मूळ चित्रं तिथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही आहे. साताऱ्याहून सकाळी निघालात तर संग्रहालय बघून संध्याकाळी परत. गेलात तर राजेसाहेबांच्या हातची चित्रं आधी शोधा. मोठ्या नावांपुढे त्यांच्याकडे बघायचं राहून जातं.

चित्ररामायण ते गीतरामायण

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. आटपाडी महाल त्याचाच एक तुकडा. तिथल्या माडगुळ्याचे दोन भाऊ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ग. दि. माडगूळकरांचं शालेय वय आटपाडी, कुंडल आणि औंध इथे गेलं. ज्या राज्यात राजाने रामायण रंगवलं, त्याच राज्यातून रामायण गाण्यांत बांधणारा कवी आला. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं आणि ५६ गीतांनी ते पुरं झालं.

धाकटे व्यंकटेश माडगूळकर लेखक म्हणून थोर, पण त्यांची रेखाटनंही तेवढीच बोलकी. झाडं, पक्षी, जनावरं, माणदेशी माणसं. लिहिण्याइतकंच जीव लावून ते चित्र काढत आणि स्वतःच्या लेखनासोबत ती चित्रं देत.

दोन नांगरवाले, दोन छापखाने

किर्लोस्करवाडीहून पुण्याकडे निघालं की सातारा रोड लागतं. पाडळीचं स्टेशन. इथे धनजीशा कूपर यांचा कारखाना होता आणि तिथेही लोखंडी नांगर तयार होत. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.

कूपरांच्या आमंत्रणावरून सातारा रोडला छापखाना चालवायला कोण आलं होतं? प्रबोधनकार ठाकरे. १९२१ मध्ये मुंबईत सुरू झालेलं त्यांचं 'प्रबोधन' काही काळ या स्टेशनाजवळच्या छापखान्यातून निघत होतं. एकाच रेल्वेलाइनवर नांगर करणारे दोन कारखानदार, दोघांच्या आवारात छापखाना आणि दोन्हीकडून निघणारं नियतकालिक समाजाची जुनी जमीन नांगरायला निघालेलं. कथाकाराने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं की फारच जुळवून आणलंय.

प्रबोधनकारांच्या हातातही चित्रकला होती. त्यांचे चिरंजीव बाळ ठाकरे जन्मले १९२६ मध्ये पुण्यात. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या बरोबर त्यांनी व्यंगचित्रं काढली आणि १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं. 'मार्मिक' हे नाव प्रबोधनकारांनी सुचवलेलं. आणि उद्घाटन कुणाच्या हस्ते? मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, शाळा कराडची. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही. म्हणजे 'मार्मिक'चा नारळ फोडायलासुद्धा याच लाइनीवरचा माणूस लागला.

झटपट काही

बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा वाढदिवस २४ ऑक्टोबर (१८६८). आर. के. लक्ष्मण यांचाही २४ ऑक्टोबर (१९२१).

कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीत आहे. ओगले बंधूंचा काचकारखाना तिथलाच आणि 'प्रभाकर' कंदीलही तिथलाच. वीज यायच्या आधी महाराष्ट्रात कितीतरी घरांत मासिकं याच कंदिलाच्या उजेडात वाचली गेली. ओगलेवाडीसुद्धा औंध संस्थानातलीच बरं का!

'अमर चित्रकथा'च्या इंग्रजी मालेतला 'कृष्ण' हा अंक प्रसिद्ध आहे. चित्रकार राम वाईरकर. त्याचा क्रमांक मात्र ११. आधीच्या दहा क्रमांकांवर परदेशी परीकथा होत्या. पुढे 'टिंकल'मधला सुपंडी रेषांत उतरला तो याच वाईरकरांच्या हातून.

'अमर चित्रकथे'त साताऱ्याचे लोक भरपूर. प्रतापगडाच्या पायथ्याशी घडलेला अफजलखानाचा प्रसंग तर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या पानांत पाहिला. क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांवरही एक अंक आहे. पेशव्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश चित्रकथेचा नायक होतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च १९६४ मध्ये सुरू झालं. मराठी मुलांना त्यातून वेताळ, म्हणजे फॅंटम, भेटला. ली फॉकचा मूळ फॅंटम 'बंगाला' देशात राहतो. भारतीय आवृत्तीत ते नाव बंगालशी घोटाळा करील म्हणून देशाचं नाव झालं 'डेंकाली'. सांगली-साताऱ्याच्या एसटी स्टँडवर आणि स्टेशनच्या बुकस्टॉलवर वेताळाचा अंक दोरीला लटकलेला असायचा, आणि ज्याच्याकडे तो असेल त्या मुलाच्या घरी दुपारी गर्दी. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. आज जुने अंक जमवणारे लोक त्यासाठी चांगली किंमत मोजतात.

शि. द. फडणीस जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या भोजला, १९२५ मध्ये, आणि शिकले कोल्हापुरात. १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाचं त्यांचं मुखपृष्ठ आठवा. बसस्टॉपवर उभ्या तरुणाच्या शर्टावर मांजरं, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर. एक अक्षर नाही. जपानी माणसालाही हसू येईल आणि पलूसच्या आजीलाही. याच फडणिसांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही चित्रं काढली. त्यामुळे एका पिढीच्या मनातली बेरीज-वजाबाकीची भीती पळाली.

वसंत सरवटे १९२७ मध्ये कोल्हापुरात जन्मले. पेशाने सिव्हिल इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी. 'ललित' मासिकात जयवंत दळवींचा 'ठणठणपाळ' आपल्याला दिसला तो सरवट्यांच्या रेषेतून.

पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, भिंतींवर चित्रं. सुट्टीत मुलांना महाबळेश्वरला नेणार असाल तर वाटेत दोन तास इथे थांबा. स्ट्रॉबेरी कुठे पळून जात नाही.

मसूर, संध्याकाळी पाच

मसूरला गाडी थांबते तेव्हा बहुतेक प्रवासी मान वर करून बघतसुद्धा नाहीत. पण जगभर वाचल्या गेलेल्या एका भारतीय चित्रकादंबरीतला महत्त्वाचा प्रसंग या स्टेशनावर घडतो.

भीमराव आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यातल्या सरकारी शाळेत दाखल झाले. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. वडील तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तिथे तलाव खोदला जात होता. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत भीमराव आणि घरातल्या इतर मुलांनी त्यांच्याकडे जायचं ठरवलं. नवे कपडे, नक्षीच्या टोप्या, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलं मसूरला उतरली. न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. वडिलांना पत्रच मिळालं नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळताच तो मागे सरला. एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तेही असं की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हा अनुभव नंतर स्वतः लिहून ठेवला.

'अमर चित्रकथे'ने १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला होता. चित्रकार दिलीप कदम. चौकटी, फुगे, सरळ पुढे जाणारी गोष्ट. २०११ मध्ये दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने 'भीमायन' काढलं आणि चित्रकथा म्हणजे काय याची व्याख्याच रुंद केली. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. पहिला भाग पाण्याचा. साताऱ्याची शाळा आणि मसूरचा प्रवास त्यातच येतो.

या दोघांनी चौकटी नाकारल्या. आपल्या पात्रांना खोक्यात कोंडायचं नाही, ती मोकळी राहिली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे 'भीमायन'चं पान गोंडांच्या घराच्या भिंतीवरच्या 'डिगणा' नक्षीसारखं वाहतं. बाजूच्या नक्षीनेच प्रसंग वेगळे होतात. आणि फुगे? इथे खरी करामत आहे. मायेने बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीवरून टोचणाऱ्या शब्दांचा फुगा विंचवाच्या नांगीचा. मनातल्या विचारांच्या फुग्याला एक डोळा. बोलण्याचा सूर वाचायच्या आधीच डोळ्यांना कळतो. कॉमिक्सच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात फुग्यांवर प्रयोग पुष्कळ झाले. पण विषारी बोलण्याला नांगी लावण्याची ही कल्पना मला त्या सगळ्यांत सरस वाटते, कारण त्या संध्याकाळी मसूरच्या फलाटावर मुलांना लागलेलं तेच होतं.

पॉल ग्रॅव्हेट या इंग्रज अभ्यासकाने आयुष्यात वाचायलाच हवीत अशा १००१ कॉमिक्सचा जो ग्रंथ संपादित केला, त्यात 'भीमायन'ला जागा आहे. सातारा, मसूर आणि गोरेगावचा रस्ता अशा रीतीने जगाच्या कॉमिक्सच्या नकाशावर गेला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या वाचनालयांत हे पुस्तक असायला हवं. नसेल तर पालकांनी मागणी करावी, आणि सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात देताना त्यांना एवढंच सांगावं की पहिल्या पानापासून फुग्यांच्या आकारांकडे लक्ष ठेवा.